घरच्या कम्प्युटरला कुलूप

मंगळवार. कापसाची वेचणी सुरू झाली, मोठे वावरात गेले की शाळा सुटल्यावर घरी पोट्टे आणि कम्प्युटर एवढेच उरतात. नेट तोडायचं नाही, अभ्यासाला लागतं; पण वाट्टेल ते उघडायलाही नको.

राऊटरवर, म्हणजे घरभर वायफाय वाटणाऱ्या डब्यावर, बंधन घाला, हा शहरी सल्ला. इथं नेट येतं बापाच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून, म्हणून कुलूप कम्प्युटरलाच लावावं लागतं. पहिलं काम, पोराचं खातं ‘स्टँडर्ड’ करायचं आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातं, म्हणजे सेटिंग बदलू शकणारं, पासवर्डसकट मोठ्यांकडे ठेवायचं. हे नसेल तर पुढचं सगळं पोरगं दोन मिनिटांत उलटवतं.

मग नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ (नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) चा डीएनएस, म्हणजे साइटीच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, १.१.१.३ आणि १.०.०.३ असा भरायचा. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा २०२० पासून आहे. अश्लील आणि व्हायरसवाल्या साइटींचा खरा पत्ताच ती देत नाही. बहुतेक जण इथंच थांबतात आणि फसतात. जिओच्या सिमवर फोन आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) सुद्धा देतो, विंडोज त्या वाटेनं पत्ता विचारतं आणि गाळणी बाजूलाच राहते. म्हणून आयपीव्ही६ मध्येही २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरायचे.

आणखी एक पळवाट म्हणजे केबल. ही सेटिंग प्रत्येक कनेक्शनची वेगळी असते. वायफायला लावली, पोरानं यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट केबलनं घेतलं, की विंडोजला ते नवंच कनेक्शन वाटतं. घरातले सगळे फोन (काकाचाही!) एकदा केबलनं जोडून तिथंही तेच आकडे भरायचे. ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ही बघून घ्यावं, तिथं दुसरी सेवा निवडली की सगळी मेहनत वाया.

यूट्यूब यानं अडत नाही, आणि खरा वेळ तर तिथंच जातो. वेळेच्या मर्यादेसाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी बरं, फक्त पोराचं खातं मायक्रोसॉफ्टचं हवं. त्यातली साइटींची गाळणी एज ब्राउझरपुरतीच असते.

जुन्या असेंबल्ड पीसीत मात्र कुलूप फुटतं ते बॅटरीपायी. मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य पाटीवरची), घड्याळ चालू ठेवणारी सीआर २०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपलेली असते. लाइन गेली की तारीख मागं पळते, मग साइटी ‘सर्टिफिकेट’ची चूक दाखवत उघडतच नाहीत. तारीख बदलायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि माय वावरातून फोनवर तो सांगून टाकते. बॅटरी आधी बदला, पासवर्ड मग ठेवा.