कोंबड्यांचं बिऱ्हाड हललं

आम्ही देशावरची माणसं, तेव्हा देश सोडला की परदेशच, असं मी सासरच्यांना चिडवते. इंदूरला यायला पासपोर्ट लागला नाही हे खरं. पण पहिल्याच महिन्यात ‘पोह्यांवर शेव नको’ म्हणाले, तेव्हा हातगाडीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता माघारी पाठवतो की काय!

तर इंदूरजवळच्या राऊच्या बाजूला घर घेतलं, मागे थोडी जागा होती, आणि गावची सवय काही जाईना. आज नऊ नग आहेत. पाच गावठी, तीन कडकनाथ आणि एक कोंबडा. कडकनाथ मूळचा झाबुआचा, इथून सुमारे दीडशे किलोमीटरवर. तिकडे त्याला कालीमासी म्हणतात. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आणि भाव वधारला. पिसं, चोच, पाय, मांस, हाडंसुद्धा काळी, पण अंडं मात्र फिकट बदामी. गावाकडून आलेला प्रत्येक पाहुणा काळं अंडं बघायला मागतो आणि हिरमुसतो. शिवाय ही बाई खुडूक होण्याच्या, म्हणजे अंडी उबवत बसण्याच्या, भानगडीत फारशी पडत नाही. तिची अंडी गावठीच्या खाली ठेवायची आणि एकवीस दिवस वाट बघायची.

जुनं खुराडं म्हणजे भिंतीला टेकवलेली फळ्यांची पेटी, वर पत्रा. मे महिन्यात आत भट्टी, पावसाळ्यात खाली चिखल. त्यात एका पहाटे मुंगसाने फळी उचकटली. एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, गेली. त्याच दिवशी ठरवलं, पावसाआधी नवं करायचं.

सहा बाय पाच फुटांचं, जमिनीपासून दीड फूट उंच. बसायला आडव्या दांड्या, खाली अंड्यांसाठी दोन खोकी. खोकी दांड्यांपेक्षा खालीच हवीत, कारण कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. खोकं उंच असेल तर त्यातच झोपून घाण करते. छपराखाली चारी बाजूंनी वारा खेळायला फट ठेवली. जाळीवरून वेल्डिंगवाल्याशी वाद झाला. नेहमीची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. मी अर्ध्या इंचाची वेल्डमेश मागितली तर तो म्हणतो, “दीदी, मुर्गी पाल रही हो कि शेर?”

शेजारच्या काकू भिंतीवरून सगळं बघत होत्या. त्यांचं घराणं होळकरांच्या काळापासून इथलं. “कोंबड्यांचा बंगला बांधून राहिलीस का गं?” अंड्याला हात लावत नाहीत, पण पोळीचे तुकडे रोज टाकतात, आणि एखादी दिसली नाही की मला आधी त्याच सांगतात.

बिऱ्हाड रात्री हलवलं. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती लाकडासारखी गप्प बसते. पंख दाबून, एकेक उचलून नव्या दांडीवर ठेवायची, बस्स. कोंबडा शेवटी. त्याला डालग्याखाली झाकून ठेवला होता, आणि कोंबडं झाकून काय होतं ते मराठी माणसाला मी सांगायला नको.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. चूक नंतर झाली. सहा-सात दिवस आत कोंडून ठेवायचं, म्हणजे हे आपलं घर असं त्यांच्या डोक्यात बसतं. मला हे माहीत होतं. आईने लहानपणी शंभरदा सांगितलं होतं. पण तिसऱ्या दिवशी त्यांचा कलकलाट ऐकवेना, दया आली, दार उघडलं. संध्याकाळी बघते तर सगळ्या जुन्या जागी, भिंतीशी ओळीने. पेटी आम्ही केव्हाच मोडली होती! मग आठवडाभर रोज तिन्हीसांजेला नऊ जणांची वरात मी काखेतून नव्या घरी नेली.

अंडीही थांबली. रोजची चार-पाच येत होती, ती दहा दिवस जवळपास बंद. खोक्यात पिंगपाँगचा चेंडू ठेवला. आधीचं अंडं दिसलं की कोंबडीला तिथेच घालावंसं वाटतं. मारामाऱ्याही नव्याने झाल्या, कारण मी दोन दांड्या वरखाली लावल्या होत्या आणि वरच्या दांडीवर प्रत्येकीचा हक्क. दोन्ही एका उंचीला केल्या, तशी कुरबूर बरीच निवली.

आता आठ जणी नीट आहेत. म्हणजे सात जणी आणि तो. उरली सगळ्यात थोरली कडकनाथ. जुन्या खुराड्याच्या जागी आता आमच्या ह्यांची स्कूटर उभी असते. दिवेलागणीला बाई सीटवर चढून बसतात. मी उचलून आणते. कधी विसरले की सकाळी ऑफिसला निघताना हे आधी फडकं शोधतात.