तुम्ही विचारलंत म्हणून: ती चकती अजून माझ्याच कपाटात का?

लग्नात विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, भजनी मंडळातल्या बायका तर दर महिन्याला. "काकू, त्या शिपायाची चकती त्याच्या घरी देणार होतात ना? मग अजून तुमच्याकडेच कशी?" काहींच्या सुरातून कळतं की मी ती हौसेपोटी अडवून ठेवली आहे, असं त्यांना वाटतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी ती दिली होती. स्वतः नेऊन दिली होती. ती परत आली.

इंदूरच्या कसेरा बाजारात सासूबाईंचा तांब्याचा बंब मोडीत घालायला गेले, तेव्हा आधीच्या गिऱ्हाइकाच्या भांड्यांत ती पडलेली दिसली. बारा सेंटिमीटरची, कांशाची, हातात घेतली की जड. त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, माताजी की है, गलाने का मन नहीं होता." देवी नव्हे ती, ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी इंग्रज सरकारनं अशी चकती पाठवली होती. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं, की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात, त्यामुळे ते वाक्य वाचून कुणी नाक मुरडलं तर मी भांडत नाही. पण एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत एक मराठी नाव होतं, आणि ते मला भट्टीत जाऊ द्यायचं नव्हतं.

नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

या चकतीवर हुद्दा नसतो, नंबर नसतो, पलटण नसते. मुद्दामच. मेलेल्यांत लहानमोठा भेद नको म्हणून फक्त नाव. त्याच शिपायाचं युद्धातलं चांदीचं पदक हाती आलं असतं तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, पलटण सगळं ठोकलेलं असतं. पण घरात अडचण आली की चांदी कांशाच्या आधी जाते. आणि बसऱ्याच्या स्मारकावर नेमकं उलटं आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या, कबरीचा पत्ता नसलेल्या 40,000हून अधिक जणांचं ते स्मारक. त्यावर अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदुस्थानी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. सगळ्यांना सारखा मान दिला गेला नाही, हे ते स्मारक सांभाळणाऱ्या युद्धकबरींच्या आयोगानं 2021 साली स्वतःच्या अहवालात मान्य केलं. शिपायांची नावं राहिली ती याद्यांमध्ये. मी त्या याद्यांत शोधलं. माझी नजर चष्म्यातूनही अधू, नातवानं संगणकावर अक्षरं मोठी करून दिली.

नाव सापडलं. 117वी मराठा पलटण, 22 नोव्हेंबर 1915, टेसिफोनची लढाई, बगदादच्या अलीकडे. बापाचं नाव, गाव, तालुका कराड. इतकं सगळं मिळाल्यावर माझे हात थरथरत होते. ग्रामपंचायतीत फोन केला, तिथून त्या घरचा नंबर मिळाला.

मी पुण्याची गाडी धरली, पुढे एसटीनं कराड. गावात शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. महायुद्धाला या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. दोन आकडे, नाव एकाचंही नाही. ओसरीवर भावकी जमली होती. पाटावर चकती ठेवली, सुनेनं हळदकुंकू वाहिलं, हार घातला. शिपायाच्या धाकट्या भावाचे नातू, सगळे त्यांना आबा म्हणतात, पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांनी बोट उठावाच्या अक्षरांवरून फिरवलं आणि विचारलं, "बाई, ह्यात त्येचं नाव कुटं हाय?" मी त्यांचं बोट धरून चौकटीवर ठेवलं. ते बराच वेळ तिथंच राहिलं.

मग आबांनी सांगितलं. शिपायाची बायको पेन्शन घ्यायची, पण कपाळाचं कुंकू तिनं शेवटपर्यंत पुसलं नाही. पेन्शन सरकार देतंय, मेल्याचं कुणी बघितलंय का, असं म्हणायची. तिथी ठाऊक नाही म्हणून त्याचा म्हाळ कायम सर्वपित्रीला. मी तारीख सांगितली तेव्हा घरातल्या एकानं मोबाइलवर जुनं पंचांग काढलं. त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागेचा दिवस निघाला. आबा म्हणाले, "म्हंजी आता त्येचा म्हाळ त्येच्या तिथीला घालायचा."

परतीच्या गाडीत मला वाटत होतं की आयुष्यात एक तरी काम पुरतं झालं.

पाच महिन्यांनी नातू दुसऱ्याच कुणाचा शोध घेत असताना तेच नाव पुन्हा पुढे आलं. 110वी मराठा लाइट इन्फंट्री. मेसोपोटेमियातल्याच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेला. 29 एप्रिल 1916ला तिथे सुमारे 13,000 जण शरण गेले, त्यांतला हा, कैदेत मेला. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं. पहिल्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यादीत 'यू' आहे. दुसऱ्याच्या नावात 'डबल ओ'.

चकतीवर डबल ओ आहे.

आता खरं सांगते. तो फरक मला पहिल्या दिवशीच दिसला होता. "कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं असेल," असं मी नातवाला म्हटलं होतं. अजूनही म्हणते की ते चूक नव्हतं. एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी मी स्वतः पाहिलं आहे. डबल ओ म्हणजे काही पुरावा नव्हे. पण मग तेव्हा मी पुढे का शोधलं नाही? कारण मला घर सापडलं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. वय झालंय, गुडघे दुखतात, आता पुन्हा याद्या चाळवणार नाहीत, अशी सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरी होती सगळी, पण त्यासाठी मी ते अक्षर नजरेआड केलं.

सांगायचं की नाही यात तीन आठवडे गेले. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, गप्प बसा. त्यांच्या देव्हाऱ्यात आहे, राहू दे." तिचं बरोबर होतं असं मला आजही काही रात्री वाटतं. मी पत्र लिहिलं. दहाएक दिवसांनी आबांचा फोन आला. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "आमचा नसंल, तर दुसऱ्याचा बिल्ला आमी कसा ठेवून घ्यावा? त्येच्याबी घरी कुनीतरी वाट बघत आसंल." मी म्हटलं, तुमचाच असेलही, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. ते म्हणाले, "तारीख खरी ना?" तारीख खरी होती. यादीत त्यांच्याच माणसाचं गाव, त्याच्याच बापाचं नाव. "मग झालं," म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

पार्सल आलं. उठावाच्या अक्षरांच्या खाचांत कुंकू बसलेलं आहे. मी ते काढलेलं नाही.

खेडच्या गावीही जाऊन आले. घराला कुलूप, अंगणात गवत, भावकी मुंबईला. मुंबईतल्या एका घरी फोनवर बोलले. असा कुणी आमच्यात होता हे आम्हाला ठाऊक नाही, म्हणाले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. इंदूरजवळ महूला सैन्याचं संग्रहालय आहे, तिथे का देत नाही, असंही तुम्ही विचारता. देईन कदाचित. पण तिथे खाली पाटी लावतील, पाटीवर पलटण लिहावी लागेल, आणि मी कोणती सांगू? नातू म्हणतो, "अज्ञात" लिहू दे. पण नाव तर समोर कोरलेलं आहे.

नाव छापू नका, असं आबा म्हणाले आहेत. दोघांपैकी कुणाचं ते ठरेपर्यंत.

गेल्या पितृपक्षात त्यांचा फोन आला. म्हाळ तिथीला घातला, म्हणाले. मग म्हणाले, "त्या दुसऱ्याच्या बापाचं नाव काय हो, बाई? सुनेला लिवून घ्यायला सांगतो." मी चष्मा शोधायला उठले.