आबांच्या गुळाच्या पट्ट्या, आठवडा ३: एस०सी७ आणि चुकीची रिकामी जागा

एस०सी७ (आकड्याच्या जागी भलतंच काही आलं की आयबीएम मेनफ्रेम जॉब पाडताना देते तो एरर कोड) सुटला, मंडळी. पण तो शोधताना जे हाती लागलं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

नव्यांसाठी थोडक्यात: आमच्या गुऱ्हाळाचा गूळ आबा शाहूपुरीत अडत्याकडे लावायचे. त्या जुन्या पट्ट्यांची, म्हणजे अडत्याने दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांची, वजनं मी हर्क्युलिसवरच्या (पीसीवर जुनी मेनफ्रेम चालवणारा प्रोग्राम) एमव्हीएस ३.८ या जुन्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, तिथल्याच जुन्या कोबोल भाषेत बेरजेला लावतोय. पट्ट्या चुलतभावाने टाइप करून दिल्या. वजनाचा रकाना पिक ९(४), म्हणजे फक्त चार आकडे.

जॉब ८५० किलोच्या एका कार्डावर (कार्ड म्हणजे इथे इनपुटची एक ओळ) आडवा झाला. गंमत म्हणजे त्याच्या वरच्या कार्डावरचे ८५० सुखरूप गेले होते! डंप (जॉब पडला तेव्हाची मेमरीची छापील नोंद) वाचल्यावर उलगडलं. तिथे रिकामी जागा आकड्याच्या आधी होती, इथे नंतर. एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरांची कोडपद्धत) रिकामी जागा म्हणजे हेक्स ४०, आकडे एफ० ते एफ९. बेरजेआधी आकडे पॅक होताना, म्हणजे एका बाइटात दोन असे दाटीने बसवले जाताना, प्रत्येक बाइटचा उजवा निबल (अर्धा बाइट) तेवढा उचलला जातो. शेवटच्या बाइटचे दोन्ही निबल जागा बदलतात आणि त्यातला एक अधिक-उण्याचं चिन्ह होतो. म्हणून आधीची रिकामी जागा गुपचूप शून्य होते. नंतरची असेल तर चिन्हाच्या जागी ४ येतो, आणि तिथे ए ते एफ याशिवाय काही चालत नाही.

मशीन थांबलं ते बरंच झालं. एका पट्टीत '८ ५०' असं तुटक टाइप झालं होतं, ते ८०५० धरलं गेलं. दुसरीत १०५० मधल्या शून्याऐवजी इंग्रजी ओ. ओ म्हणजे डी६, उजवा निबल ६, झाले १६५०. ना अबेंड (जॉब मध्येच पडणं), ना इशारा! कागदी पट्ट्या शेजारी ठेवून एकेक वजन ताडलं म्हणून कळलं.

या कंपायलरला मजकुरातून आकडा काढणारं न्यूमव्हाल नाही, अक्षरं शोधून बदलणारं इन्स्पेक्टही नाही. म्हणून रकाना पिक एक्स(४), म्हणजे कोणतीही चार अक्षरं, असा घेतला. शेवटच्या रिकाम्या जागा लूपने काढून आकडा उजवीकडे सरकवतो, एक्झामिन या जुन्या आज्ञेने सुरुवातीच्या रिकाम्या जागी शून्यं भरतो, मगच सगळे आकडेच आहेत का ही न्यूमरिक चाचणी. ओ आणि मधली जागा दोन्ही तिथे पकडली जातात. ओचं आपोआप शून्य करायचा मोह झाला होता, पण नको. नापास कार्डं वेगळ्या फाइलीत जातात आणि पट्टी बघून मी हाताने दुरुस्त करतो.

उरल्या त्या चुलतभावाने देवनागरी आकड्यांत टाइप केलेल्या पट्ट्या. युटीएफ-८ मध्ये (लिनक्सवरची अक्षरांची कोडपद्धत) असा एकेक आकडा तीन बाइट खातो आणि कार्डावरचं पुढचं सगळं दोन-दोन रकाने सरकतं. ते लिनक्सवरच बदलून मग कार्ड रीडरला देणार आहे.