लिस्बन: पावाचे पैसे वेगळे

फेब्रुवारीत सत्राची शेवटची परीक्षा संपली, तेव्हा जर्मनीतल्या आखेनमध्ये सलग अकरा दिवस सूर्यदर्शन झाले नव्हते आणि महिनाअखेरपर्यंत पुरवण्यासाठी माझ्याजवळ तीनशे दहा युरो उरले होते. माझ्या खोलीतली सांगलीची मैत्रीण म्हणाली, "ऊन असेल तिथे जाऊ या, आणि एक अट आहे. काहीही बघायचं नाही." तिच्या अटीचा अर्थ मला लगेच कळला. प्राग आणि पॅरिस आम्ही यादी हातात घेऊन धावत पाहिले होते आणि परतल्यावर दोन दिवस पाय शेकत बसलो होतो. त्या आठवड्यातले सर्वांत स्वस्त विमान नेमके लिस्बनला जाणारे होते, तेही अडनिड्या वेळेचे, म्हणून लिस्बन ठरले.

मी मूळची वसईची आहे. शाळेत माझ्या बाकावर लोपीस, मागच्या बाकावर परेरा आणि डिमेलो अशी मंडळी असत. सहलीला किल्ल्यात गेलो की १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे कशी गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती कशी घेतली, हे बाई दरवर्षी नव्या जोशाने सांगत. तरीही पोर्तुगालविषयी मला विशेष कुतूहल होते, असे म्हणता येणार नाही. ते निर्माण झाले मोरारिया या जुन्या वस्तीतल्या हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर. लाकडी जिन्याने पाठीवरच्या पिशव्या वर चढवल्यावर स्वागतकक्षातल्या मुलीने एक किल्ली पुढे केली आणि ती "शाव्ह" असे काहीसे म्हणाली. मी तो शब्द भिंतीवरच्या सूचनेत शोधून पाहिला, तेव्हा लक्षात आले की ही तर आपली चावी आहे. बादलीशेजारच्या घमेल्यापासून इस्त्रीपर्यंत असे किती शब्द आपण घरचेच समजून वापरतो, ते तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

त्या दुपारी आम्ही एका गल्लीतल्या छोट्या खाणावळीत शिरलो. दारातल्या पाटीवर खडूने त्या दिवसाचे जेवण आणि त्याची किंमत लिहिलेली होती. स्वस्तात पोटभर खायचे असेल, तर लिस्बनमध्ये अशी पाटी शोधावी. मालक साठीचे गृहस्थ होते. बसताक्षणी त्यांनी न मागता पावाची टोपली, ऑलिव्हची वाटी आणि चीजची एक चकती आणून ठेवली. टोपलीकडे बोट दाखवून ते "पांव" असे नाकातून म्हणाले, तशी मैत्रिणीने मला कोपराने ढोसले. "अगं, पाव म्हणाले ना ते?" त्या आनंदात आम्ही टोपली रिकामी केली, पाठोपाठ ऑलिव्ह संपवले आणि चीजही सोडले नाही. मग काल्दो व्हेर्द नावाचे सूप आले. बटाट्याच्या दाटसर रसात सुतासारखी बारीक चिरलेली हिरवी पाने आणि वर सॉसेजची एक चकती, असे त्याचे रूप असते. ती पाने 'कोव्ह'ची, म्हणजे आपल्या कोबीच्या भावकीतली, आणि बटाटा तर तिथेही बताताच. बिल आले, तेव्हा त्यात पाव, ऑलिव्ह आणि चीज यांची प्रत्येकी स्वतंत्र ओळ होती. पोर्तुगालमध्ये ही आधी मांडलेली खाण्याची वस्तू फुकट नसते. खाल्ली तरच तिचे पैसे लागतात आणि नको असेल, तर हात न लावता परत पाठवली तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. आमच्या अज्ञानाची किंमत साडेपाच युरो झाली. पैसे देण्यासाठी पोर्तुगीजमध्ये 'पगार' हा शब्द आहे. आपल्याकडे तो हातात येतो आणि इथे खिशातून जातो, असे मैत्रीण रस्ताभर म्हणत राहिली.

या धड्यानंतर आमची दिनचर्या ठरून गेली. सकाळी बेकरीत कट्ट्यापाशी उभ्यानेच एक कॉफी आणि एक पाश्तेल द नाता घ्यायचे. बाहेरच्या खुर्चीत बसले, तर त्याच कॉफीला बहुधा जास्त पैसे पडतात. नाता म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाची मलई भरलेली वाटी. तिच्यावर करपल्याचे काळे डाग असले पाहिजेत, पापुद्रे दातांखाली कुरकुरले पाहिजेत आणि वर दालचिनीची पूड हवी. तिथून सुपरमार्केटमध्ये जाऊन पाव, चीज आणि किलोभर संत्री घ्यायची आणि टेकडी चढायची. लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे, असे म्हणतात. चढताना त्या सातच आहेत यावर विश्वास बसत नाही. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम चढ वाचवते, पण तिच्यातली गर्दी पाहून आम्हाला सकाळची विरार लोकल आठवली आणि आम्ही पायीच निघालो. पदपथांवर पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या चौकोनी दगडांची नक्षी असते. पावसाची एक सर आली की ती साबणासारखी निसरडी होते. माझ्या झिजलेल्या तळव्याच्या बुटांनी मला दोनदा भुईवर बसवले.

या टेकड्यांवर मिरादोरू म्हणतात ते मोकळे सज्जे आहेत आणि तिथे तिकीट नसते. ग्रासा भागातल्या सेन्योरा दु मोंत या सज्जावर आम्ही दोन दिवस मिळून किमान सात तास काढले असतील. समोर किल्ला, खाली लाल कौलांची उतरण, पलीकडे तेजू नदी आणि तिच्यावरचा तांबडा पूल. १९६६ साली तो खुला झाला, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझार यांचे नाव होते. १९७४ च्या २५ एप्रिलच्या क्रांतीनंतर त्याला त्या तारखेचेच नाव मिळाले. खालच्या बैशा भागातले रस्ते मात्र वहीवर आखल्यासारखे सरळ दिसतात, कारण १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, लाटांत आणि आगीत तो भाग नष्ट झाला आणि नव्याने आखून बांधावा लागला. हे सारे मी संत्री सोलता सोलता फोनवर वाचले. मैत्रीण शेजारी ओढणी तोंडावर घेऊन चक्क घोरत होती.

अट मोडली ती एकदाच, लिस्बनच्याच बेलें या भागात. जेरोनिमुश मठाच्या ओवऱ्यांना तिकीट आहे. त्याला लागून असलेल्या चर्चमध्ये आम्ही मात्र फुकट गेलो. आत शिरताच वास्को द गामाचे थडगे आहे. तो १५२४ साली कोचीला वारला आणि त्याच्या अस्थी नंतर इकडे आणल्या. मठाच्या बांधकामाचा बराच पैसा मसाल्यांच्या व्यापारावरील करातून आला, हे वाचून त्या कोरीव दगडांकडे मी जरा हिशेबी नजरेने पाहिले. बाहेर एका चौकात उंच खांबावर गोवा जिंकणारा अफोन्सो द आल्बुकेर्क उभा आहे. ज्याच्या नावावरून हापूस आला असे सांगतात, तो हाच. तिथे आंब्याचे एकही झाड नाही.

शेवटच्या संध्याकाळी काइश दु सोद्रे इथून पलीकडच्या काठावरच्या कासील्याशला जाणारी फेरीबोट घेतली. ट्राम आणि मेट्रोत चालणारे, पुन्हा पुन्हा पैसे भरता येणारे कार्डच तिथेही चालले. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. बोटीत आमच्याखेरीज पर्यटक दिसत नव्हते. कामावरून घरी जाणारी माणसे होती. खिडकीबाहेर शहर गुलाबी होत असताना त्यांच्यातले कोणी मान वर करत नव्हते. समोरची बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या घेत होती आणि धक्का जवळ येताच, इंजिनाचा आवाज बदलण्याआधीच, तिने डोळे उघडले. लोकलमध्ये वसईच्या आधीचे नायगाव स्टेशन गेले की माझी आई झोपेतही अशीच उठते.

पलीकडे उतरून आम्ही धक्क्यावर बसलो आणि उरलेली तीन संत्री खाल्ली. दोन बोटी आल्या नि गेल्या. आम्ही तिसरी पकडली.