नावाला कंस

मे महिन्यातल्या एका दुपारी, सर्व्हरवरची जागा संपत आली म्हणून मी जुन्या फायली चाळत होते, तेव्हा एका डिरेक्टरीपुढे मालकाच्या रकान्यात नावाऐवजी नुसता १०४७ हा आकडा दिसला. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात दर वर्षी याच सुमारास कार्यालयाकडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची यादी येते, तिच्या शेवटी ‘सदर खाती तत्काळ बंद करण्यात यावीत’ असे एक वाक्य असते, आणि त्या वाक्याचे कुणीतरी, कधीतरी घाईघाईने पालन केल्याची ही खूण होती.

सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीला माणसे नावाने ठाऊक नसतात. ‘ईटीसी’ या डिरेक्टरीतल्या पासवर्ड फायलीत प्रत्येकाची एक ओळ असते, अपूर्णविरामांनी तिचे सात भाग पाडलेले असतात आणि त्यांतला तिसरा भाग म्हणजे त्या माणसाचा आकडा. डिस्कवरच्या फायलीला मालक म्हणून चिकटलेला असतो तो हा आकडाच. आपण यादी मागवली की यंत्र ती ओळ धुंडाळते आणि आकड्याच्या जागी नाव दाखवते. खाते काढण्याची ‘यूजरडेल’ ही आज्ञा दिली की ओळ जाते. फायली जात नाहीत. ‘डॅश आर’ जोडले तर होम डिरेक्टरी आणि टपाल जाते, पण त्या माणसाने सामायिक डिरेक्टरीत किंवा दुसऱ्या डिस्कवर जे काही ठेवले असेल ते तिथेच राहते, आणि ते ज्याचे त्याने शोधून काढावे, असे त्या आज्ञेच्या माहितीपानावरच लिहिलेले आहे. माहितीपाने सहसा कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

यातली खरी गोम पुढे आहे. नवे खाते उघडताना यंत्र आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देते. सर्वांत शेवटचे खाते काढून टाकले असेल, तर तोच आकडा पुन्हा वाटला जातो आणि जूनमध्ये आलेला एखादा मुलगा पहिल्याच दिवशी कुणा अनोळखी माणसाच्या फायलींचा धनी होतो. त्याला ते कळतही नाही. मृत्युपत्र नाही, वारस नोंद नाही, हरकतीची नोटीस नाही.

वारस नोंद म्हटले की मला गावची चावडी आठवते. आजोबा गेल्यानंतर वडील मला बरोबर घेऊन तलाठ्याकडे गेले होते. मला का नेले होते ते आता सांगता येणार नाही, बहुधा घरी सांभाळायला कुणी नसावे. लाकडी टेबलावर जाड पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले दप्तर उघडलेले होते आणि त्यातल्या सातबाऱ्यावर आजोबांचे पूर्ण नाव निळ्या शाईत होते. फेरफार मंजूर होऊन आला होता. तलाठ्याने पट्टी न घेता, सावकाश, नावाच्या आधी एक कंस काढला, मग नावानंतर दुसरा, शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकला आणि खाली वडिलांचे व काकांचे नाव लिहिले. आजोबांचे नाव खोडतील, या भीतीने मी टेबलाची कड धरून उभी होते. वडिलांनीच विचारले, “भाऊसाहेब, जुनं नाव असंच राहणार का?” ते मान वर न करता म्हणाले, “राहणार ना. खोडलं तर तुमच्याकडं जमीन आली कुठून, ते उद्या कोण सांगणार?” सातबारा संगणकावर आला तरी कंसाची ही रीत टिकली आहे, आणि महसूल खात्याबद्दल माझ्या मनात जो काही थोडा आदर आहे तो बराचसा या दोन रेघांपोटी आहे.

त्यामुळे असेल, पण खाते काढायची यादी आली की मी आधी कंस करते. पासवर्ड कुलूपबंद करण्याची आज्ञा दिली की पासवर्ड झाकून ठेवणाऱ्या ‘शॅडो’ फायलीत त्या माणसाच्या पासवर्डापासून बनवलेल्या गुंतागुंतीच्या अक्षरमालिकेआधी एक उद्गारवाचक चिन्ह येऊन बसते, आणि मग कुठलाही पासवर्ड तिच्याशी जुळत नाही. चिन्ह काढले की सगळे पूर्ववत. मात्र एवढ्याने भागत नाही, कारण ज्याने एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर येण्याच्या सोयीची, किल्ली ठेवलेली आहे तो पासवर्डावाचूनही आत येऊ शकतो. म्हणून खात्याची मुदतही संपवावी लागते, आणि त्यासाठी माहितीपानात सुचवलेला उपाय फार गमतीचा आहे: मुदतीच्या जागी १ हा आकडा टाकावा. यंत्राचे दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजले जातात, त्यामुळे खात्याची मुदत २ जानेवारी १९७० रोजी संपलेली ठरते. परवा ज्या मुलाला निरोप समारंभात गुलाबाचे फूल दिले, तो कागदोपत्री त्याच्या आईवडिलांच्या जन्माआधीच इथून गेलेला असतो!

काही जण निघता निघत नाहीत. यूजरडेल कधीकधी साफ नकार देते: हा यूजर अमुक क्रमांकाच्या प्रोसेसमध्ये अजून वापरात आहे. पाहावे तर एखाद्या प्रकल्पाचे गणित हिवाळ्यापासून एकटेच चालू असते, मुलगा केव्हाच बेंगळुरूला नोकरीला लागलेला असतो. उलट, वेळ लावून ठेवलेले काम मागे राहिले आणि ओळ मात्र गेली, तर ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन हा प्रोग्राम लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, त्या नावापुढे ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, असा शेरा मारतो. इतका हळवा शब्द त्या लॉगमध्ये दुसरा नाही.

ओळी काढून टाकल्या नाहीत तर किती टिकतात, याचे एक उदाहरण मला फार आवडते. लिनक्सच्या आधीची प्रणाली म्हणजे युनिक्स. तिच्या बीएसडी या आवृत्तीच्या जुन्या सोर्स कोडबरोबर सत्तरच्या दशकाअखेरची एक पासवर्ड फाईल तशीच राहून गेली होती. त्या वेळी पासवर्ड वेगळ्या फायलीत झाकून ठेवायची पद्धत नव्हती. युनिक्सचे कर्ते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांच्याही ओळी तीत होत्या. इतर बहुतेकांचे पासवर्ड लोकांनी भराभर फोडले, थॉम्पसन यांचा मात्र २०१९ पर्यंत दाद देईना. शेवटी फुटला तेव्हा ती बुद्धिबळातली चाल निघाली, वजिरापुढचे प्यादे दोन घरे. रिची २०११ मध्येच वारले होते. त्यांची ओळ आजही कुणालाही वाचता येते, आणि ती कुणी काढून टाकावी असे मला कधीच वाटले नाही.

असे सगळे माझे कंसाचे कौतुक चालू असताना एका माजी विद्यार्थिनीची मेल आली. तिचे खाते मी रीतसर कुलूपबंद करून ठेवले होते. तिने लिहिले होते, “मॅडम, माझे खाते फक्त बंद नको. त्यातले काहीही मागे ठेवू नका.” कारण दिले नव्हते आणि ते विचारण्याचा मला अधिकार नव्हता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मानलेला आहे, पण कायदा नसता तरी तिचे म्हणणे बरोबरच होते. जमिनीला मागचा धनी लागतो, कारण उद्या भावकीत वाद होतो. एका मुलीने चार वर्षांत काय लिहिले, कुणाला पाठवले, हे गावाच्या दप्तरात राहण्याचे कारण काय? मी ‘डॅश आर’ लावून खाते काढले, तिच्या आकड्याच्या फायली सगळ्या डिस्कवर शोधून पुसल्या आणि तो आकडा पुन्हा कुणाला जाणार नाही अशी तजवीज केली. मग तिला खरे ते कळवले, की बॅकअपच्या टेपवर तिच्या फायलींची प्रत आहे, एकाच खात्यापुरती ती टेप पुसता येत नाही, आणि दिवाळीनंतर तिच्यावर नवा बॅकअप चढेपर्यंत ती तशीच राहील.

तिचे उत्तर तासाभरात आले. “ठीक आहे मॅडम. तो चढला की एक ओळ लिहा.”