साडेचौदा मिनिटांचं गाणं पोराला पाठवू नका

जुनं हिप-हॉप आवडणारी चाळिशी-पन्नाशीतली मंडळी एक हमखास चूक करतात. घरातल्या कॉलेजवाल्याला ‘बघ, खरं रॅप हे’ म्हणत शुगरहिल गँग या ग्रुपच्या ‘रॅपर्स डिलाइट’ची लिंक पाठवतात. गाणं १९७९ चं, पूर्ण आवृत्ती साडेचौदा मिनिटांची. पोरगं फोनच्या स्पीकरवर मिनिटभर ऐकतं, ‘भारी आहे’ म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. मग ‘आजकालच्या पोरांना कान नाहीत’ हे आलंच.

कान चांगले शाबूत आहेत. फक्त ते काय शोधतायत ते बघा. आजच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सध्याच्या रॅपच्या चालत्या शैलीत, बेस चाल धरतो, हाय-हॅट (ड्रमची छोटी जोडझांज) सतत नक्षी काढत असतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात हुक, म्हणजे डोक्यात राहणारी ओळ, येऊन जातो. या सवयीच्या कानाला जुन्या गाण्यात एकच ठेका तासभर चालल्यासारखा वाटतो. जुना ऐकणारा नेमका त्या ठेक्यासाठीच आलेला असतो, कारण तो ठेका कुठून उचलला हे त्याला माहीत असतं. ही माहिती लिंकसोबत जात नाही.

म्हणून आधी सांगायची ती ब्रेकची गोष्ट. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने, रेकॉर्ड लावल्या. हर्कने हेरलं होतं की गाण्यातली बाकीची वाद्यं थांबून फक्त ड्रम उरतात तेव्हा नाचणारे पेटतात. अडचण अशी की हा तुकडा, म्हणजेच ब्रेक, काही सेकंदांत संपतो. उपाय: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, दोन टर्नटेबल, आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू.

हर्कचं जोडकाम ढोबळ होतं. ते ठेक्यात बसवलं ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने. त्याची युक्ती हिशेबाची आहे. ३३⅓ च्या वेगाने रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा होतो, म्हणजे नऊ सेकंदांचा ब्रेक बरोबर पाच फेऱ्यांचा. डावी रेकॉर्ड वाजत असताना उजवी पाच फेरे उलटी फिरवायची, लेबलजवळ क्रेयॉनने केलेली खूण जागेवर आणायची आणि समेवर सोडायची. फेरा मोजण्यात चूक झाली की ब्रेकच्या मधूनच सुरुवात होते आणि नाचणारा अडखळतो. टर्नटेबलवरचं रबराचं मॅट रेकॉर्डला घट्ट धरतं, त्यामुळे हाताने रेकॉर्ड थांबवली की खालची तबकडीही मंदावते. म्हणून फ्लॅशने फेल्टची गुळगुळीत चकती वापरली. रेकॉर्ड हातात थांबते, खालची तबकडी फिरत राहते. आज तिला स्लिपमॅट म्हणतात आणि ती कुठल्याही डीजे-सामानाच्या दुकानात मिळते.

हे सगळं ऐकायचं असेल तर १९८१ ची ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ लावा. सातेक मिनिटं, तीन टर्नटेबल, आणि सगळं हाताने केलेलं. विशीतल्या माणसाला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, कॉपी-पेस्ट वाटणं साहजिक आहे. त्याने सॉफ्टवेअरमध्ये तेच पाहिलंय. इथे तोच लूप दोन हातांनी धरून ठेवलाय हे आधी सांगितलं, तर ते गाणं तो शेवटपर्यंत ऐकतो.

दुसरा अडथळा आवाजाच्या पोताचा. १९८७ च्या आसपासची गाणी नव्या कानाला ‘मळकी’ वाटतात. तो मळ मुद्दाम नव्हता, पण पुढे हवाहवासा झाला. त्यामागे ई-म्यू कंपनीची एसपी-१२०० आहे: रेकॉर्डवरचा तुकडा (सॅम्पल) साठवून पुन्हा वाजवणारी मशिन. १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ, एकूण दहा सेकंदांची मेमरी आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. मिनिटाला ९० मात्रांच्या टेम्पोत चार मात्रांचं एक आवर्तन २.६७ सेकंदांचं होतं, म्हणजे एक आवर्तनही बसत नाही. त्यावर जुगाड असा: ३३ ची रेकॉर्ड ४५ वर वाजवून सॅम्पल करायची. वेग १.३५ पट वाढतो, तेच आवर्तन १.९८ सेकंदांत मावतं. मग मशिनमध्ये पिच खाली ओढून मूळ वेगावर आणायचं. किंमत ही की मशिन २६ च्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडते, म्हणून आधीच १३ किलोहर्ट्झच्या वर काही नव्हतं, आता साडेनऊच्या वर काही उरत नाही, आणि पिच ओढताना एक खरखरीत झिलई चढते. स्नेअर जाड होतो, झांज धुरकट होते. दोन आवर्तनं हवी असतील तर तरीही जागा पुरत नाही. म्हणून निर्माते ब्रेकचे किक (पायाचा जाड ड्रम), स्नेअर (कडकडणारा ड्रम), हॅट असे सुटे तुकडे करून पॅडवर पुन्हा वाजवत. निर्माता मार्ली मार्लने तर ही मशिन येण्याआधीच रेकॉर्डवरचे ड्रम सुटे करून वाजवायला सुरुवात केली होती. १९७३ च्या ‘इम्पीच द प्रेसिडेंट’च्या अगदी सुरुवातीचे ड्रम आणि त्यांच्यावरच रचलेलं १९८६ चं एमसी शानचं ‘द ब्रिज’ एकामागून एक ऐका, म्हणजे काय झालं ते कळतं.

गंमत म्हणजे अभ्यास करताना रात्रभर लो-फाय बीट्स लावणारी पोरं हाच पोत ऐकत असतात. फरक इतकाच की आता तो प्लगइनने चढवतात. तेव्हा ‘तुला हे आवडतच नाही’ असं त्यांना सांगू नका. आवडतंय, फक्त उगम माहीत नाही. लो-फायकडून निर्माता जे डिलाच्या ‘डोनट्स’ या अल्बमकडे (२००६) आणि तिथून मागे जाणं हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आता शब्द. सुरुवातीच्या रॅपमध्ये यमक बहुतेक चौथ्या मात्रेवर पडायचं. मराठीत करून दाखवायचं तर: ‘दादरच्या पुलावर गर्दी फार, लोकल चुकली, उशीर झाला यार.’ शब्द कुठे पडणार हे आधीच कळतं, आणि पार्टीत लोकांनी सोबत ओरडावं म्हणून ते तसंच हवं होतं. १९८७ मध्ये ‘पेड इन फुल’ या अल्बमवर रॅपर राकिमने यमक ओळीच्या पोटात नेलं: ‘दादरचा पूल, पुलावर धूळ, धुळीत हरवलेलं / मूल, आणि त्याच्या हातात फूल.’ वाक्य आवर्तनाच्या सीमेवर थांबत नाही, यमक तीन-चार ठिकाणी उजळतं. आज तुमच्या पोराला जो कुणी रॅपर आवडतो, त्याच्या ओळींत हे सापडणारच. त्याच्याच आवडत्या गाण्यातल्या चार ओळी कागदावर लिहा, यमकांखाली रेघा मारा, मग राकिमच्या चार ओळी तशाच लिहा. दहा मिनिटांत नातं दिसतं.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. पहिलं गाणं रन-डीएमसीचं ‘सकर एमसीज’, १९८३. ड्रम मशिन, स्क्रॅच, आवाज. बाकी काही नाही. मोकळेपणामुळे ते आजच्या कानाला जवळचं वाटतं. (याच गाण्याने १९७९ वाल्यांना एका झटक्यात म्हातारं केलं. हिप-हॉपमध्ये पिढी चार वर्षांचीही असते.) मग राकिम, मग १९८२ चं ‘द मेसेज’, आणि ‘रॅपर्स डिलाइट’ सर्वांत शेवटी, तेही ज्याच्या ठेक्यावर ते उभं आहे त्या शिक बँडच्या ‘गुड टाइम्स’नंतर लगेच. सोबत हेही सांगा की शुगरहिल गँगमधल्या बिग बँक हँकचे त्यातले बरेचसे शब्द ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरचे होते आणि ब्रॉन्क्समधल्या जुन्या लोकांना हा ग्रुप तेव्हाच उपरा वाटला होता. ‘हे खरं हिप-हॉप नाही’ ही तक्रार रेकॉर्डइतकीच जुनी आहे.

आपल्याकडे घोळ जरा वेगळा. इथल्या चाळिशीपारच्या अनेकांच्या कानावर पहिलं रॅप पडलं ते बाबा सेहगलचं, १९९२ चं ‘ठंडा ठंडा पानी’. ते ‘आइस आइस बेबी’वर बेतलेलं आणि तिचा बेस क्वीन-बोवीच्या ‘अंडर प्रेशर’मधला. धाकट्यांना दार उघडलं ‘गली बॉय’ने, २०१९ मध्ये. म्हणजे ब्रॉन्क्स दोघांनाही उलट्या दिशेनेच गाठायचंय; ज्येष्ठतेचा आव थोडा कमी केला तरी चालेल.

ऐकवताना या गोष्टी बिघडतात. फोनचा स्पीकर: शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळपास येतच नाही, आणि टीआर-८०८ या ड्रम मशिनची किक पन्नासच्या आसपास असते. याच किकवर चालणारं ‘प्लॅनेट रॉक’ फोनवर ऐकवणं म्हणजे ते न ऐकवणं. निदान बरे हेडफोन घ्या. आवाजाची पातळी: जुन्या मास्टरिंगचा आवाज आजच्यापेक्षा बराच हळू असतो, म्हणून नव्यानंतर लगेच लावलं की ते मरगळलेलं वाटतं. अ‍ॅपमधलं सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन चालू ठेवा किंवा हाताने आवाज वाढवा. आवृत्ती: कित्येक जुन्या गाण्यांची नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेली रूपं त्याच नावाने स्ट्रीमिंगवर आहेत. ड्रम फारच चकचकीत वाटले तर संशय घ्या आणि मूळ अल्बममधून लावा.

काही गाणी पोरांनी ऐकली नाहीत यात त्यांचा दोषच नाही. डी ला सोलचा १९८९ चा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ सॅम्पलच्या परवानग्यांच्या घोळामुळे ३ मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हता. ज्याचं सगळं ऐकणं फोनवर, त्याच्यासाठी तो अल्बम तोवर अस्तित्वातच नव्हता.

थोडा गृहपाठ मोठ्यांनाही. ट्रॅप ऐकताना तुम्ही ठेका चुकीचा धरता. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो १४० दिसतो, पण स्नेअर तिसऱ्या मात्रेवर पडतो, म्हणून मान ७० ने हलवायची. १४० ने हलवली की सगळं घाईचं आणि उथळ वाटतं. ८०८ ची किक इथे लांबवून, सुरात लावून बेस म्हणून वापरलेली असते. तिची चाल गुणगुणून बघा. आणि एका मात्रेत तीन-तीन अक्षरं टाकणाऱ्या ज्या फ्लोला तुम्ही मिगोस या ग्रुपची बडबड म्हणता, तो मेम्फिसच्या थ्री सिक्स माफिया या ग्रुपकडे, त्यातल्या लॉर्ड इन्फमसच्या तोंडी, नव्वदच्या दशकातच होता. मिगोसचं २०१३ चं ‘व्हर्साचे’ त्याच्यामागोमाग लावा. लॉर्ड इन्फमस आधी.