पंचावन्न हजार आणि दोन म्हशी

आयकर रिटर्नची शेवटची तारीख तेव्हा १५ सप्टेंबर २०२५ होती. त्याच्या चार दिवस आधी एक टॅक्सीवाला आला. त्या दिवसांत कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या रिटर्न भरून देणाऱ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते आणि पोर्टल दर अर्ध्या तासानं अडकतं. खरं तर त्याचं काम दहा मिनिटांचं होतं. अ‍ॅपवर टॅक्सी चालवतो, टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कर, कापलाय, तो परत मिळवायचा.

या कपातीचं बाहेरच्यांना माहीत नसतं. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९४-ओप्रमाणे अ‍ॅपवाले चालकाचा टीडीएस कापायचे, आणि तोही कमिशन वजा करण्याआधीच्या पूर्ण भाड्यावर. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत दर एक टक्का होता, मग ०.१ झाला. म्हणून त्याच्या २६-एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, पहिल्या सहामाहीत ३,४०,००० वर ३,४०० आणि दुसरीत ३,२०,००० वर ३२० दिसत होते. एकूण भाडं ६,६०,०००, रिफंड ३,७२०.

"मॅडम, उत्पन्न पाच लाख दाखवा की," तो म्हणाला. "दुसरी गाडी घ्यायची हाय. फायनान्सवाल्यानं सांगितलंय, पाच लाखाचं रिटर्न आणा, बाकी मी बघतो."

"महिन्याला सुटतात किती?"

"पंचावन्न पडत्यात."

सहा लाख साठ हजार भागिले बारा. खोटं बोलत नव्हता तो, गिऱ्हाईक देतं तो आकडा त्याच्या डोक्यात बसला होता. सुटतात किती, याचं उत्तर मात्र त्याच्याकडं नव्हतं.

आमच्या धंद्यात याला 'बँकेसाठीचं रिटर्न' म्हणतात. तेव्हाच्या कलम ४४-एडीत छोट्या धंदेवाल्याला वह्या दाखवाव्या लागत नव्हत्या, उलाढालीच्या आठ टक्के, ऑनलाइन जमेवर सहा टक्के नफा धरायचा. त्याहून जास्त दाखवला तरी कुणी हरकत घेत नाही. टॅक्स शून्य राहील इतपत फुगवायचा आणि कर्ज मंजूर करून घ्यायचं. गावोगाव हे चालतं. या मुलाची पहिली गाडीही तशीच आली. जुलै २०२३ मध्ये ४,८०,००० चं रिटर्न भरलं होतं. भरणारी मीच होते. ते आठवलं आणि मी म्हटलं, "दादा, बसा. सगळी बिलं काढा."

त्याच्याकडं गॅसची डायरी होती, पासबुक होतं आणि उद्यमनगरातल्या गॅरेजची बिलं होती, रबर लावून ठेवलेली. त्या बिलांनी मला सगळं सांगितलं. मेस्त्री लोक बिलाच्या कोपऱ्यात गाडीचं किलोमीटर लिहितात. एप्रिल २०२४ च्या पहिल्या बिलावर २१,७०० होतं, मार्च २०२५ अखेरच्या बिलावर ६९,७००. म्हणजे वर्षात गाडी पळाली ४८,००० किलोमीटर. अ‍ॅपमध्ये भाड्याचे किलोमीटर मोजले तर ३०,५००. उरलेले साडेसतरा हजार ती रिकामी पळाली.

"एवढी कुठं पळाली?" त्यानं मलाच विचारलं. मग दोघांनी मिळून शोधलं. घर करवीर तालुक्यातल्या गावात, तिथून रेल्वे स्टेशन १४ किलोमीटर. रोजचे २८, तीनशे दिवसांचे ८,४००. बाकीचे पन्हाळ्याला सोडून रिकामं उतरताना, जोतिबावरून परत येताना, उजळाईवाडीच्या विमानतळावर सवारी सोडून शहरात येताना, आणि गॅसच्या रांगेसाठी पंपापंपावर फिरताना गेले. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के द्या, असं आहे. चांगलंच आहे. पण हे ऐंशी टक्के भाडं पडलेल्या किलोमीटरचे. रिकाम्या किलोमीटरचा गॅस ज्याचा त्यानं भरायचा. किलोमीटरला चार रुपये धरले तर त्याच्या रिकाम्या पळण्याचेच ७०,००० झाले.

मग मी एका कोऱ्या कागदावर मांडत गेले. भाडं ६,६०,०००. कमिशन १,३२,००० गेलं. गॅस १,९२,०००. पिवळ्या पाटीचा, म्हणजे भाड्याच्या गाडीचा, विमा ३४,०००. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, क्लच मिळून ४६,०००. पासिंग, पीयूसी वगैरे ६,०००. टोल, पार्किंग, धुलाई आणि मोबाइल १४,०००. हप्ता १२,७५० दराने १,५३,०००. खाली उरले ८३,०००, महिन्याला सात हजारही नाहीत. रोजचे बारा तास आणि तीनशे दिवस धरले तर तासाला तेवीस रुपये.

आमचे सर मधेच डोकावून म्हणाले, हप्त्यातली मुद्दल ही बचतच की. हिशेबाच्या भाषेत बरोबर आहे. पण हप्ते फिटतील तेव्हा ही गाडी दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली असेल. भाड्याची गाडी किती लवकर झिजते हे आयकर कायद्यालाही ठाऊक आहे. साध्या मोटारीला १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळतो, भाड्यानं चालणारीला ३०. सरांना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. गर्दीच्या दिवशी त्यांना ते आठवायचं नव्हतं, एवढंच.

"मग घर कशावर चालतं?" मी विचारलं.

"गाडीवरच की, मॅडम."

पासबुक माझ्यासमोर होतं. खातं नवरा-बायकोचं. दर दहा दिवसांनी गावच्या दूध संस्थेचं बिल जमा, चार हजार, पाच हजार, कधी साडेपाच. पाच तारखेला हप्ता कापला जायचा, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी ते बिल आलं नसतं तर सात महिने हप्ता परत गेला असता. मी त्या सात नोंदींवर पेन्सिलीनं टिंब दिलं आणि पासबुक त्याच्याकडं फिरवलं. विम्याच्या महिन्यात तर पतसंस्थेत सोनं ठेवल्याची नोंद होती.

तो बराच वेळ त्या टिंबांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दोन म्हशी हायत. धारा तीच काढते, पहाटे चारला उठून. मी तिला म्हणायचो, विकून टाकूया, गाडी हाय आता."

नंतर म्हणाला, "पेंडीचा खर्च धरला नाहीसा तुम्ही."

खरंच धरला नव्हता.

रिटर्नमध्ये मी ८३,००० च टाकले. आठ टक्क्यांनी ५२,८०० भरत होते, त्याहून हे जास्तच, त्यामुळं कायद्यात बसलं. त्यानंही हट्ट धरला नाही. तो कोरा कागद मात्र मागून घेतला, चार घड्या घालून आरसीच्या पाकिटात ठेवला. फायनान्सवाल्याला उद्या काय सांगणार, ते मी विचारलं नाही. त्या माणसाचा मात्र मला मनापासून राग आहे. गाडीचा हप्ता त्याला तोंडपाठ असतो, पण पोरगा रोज किती रिकामा पळतो हे एकदाही विचारत नाही. हाच राग स्वतःवरही काढायला हवा, कारण २०२३ ला मीही विचारलं नव्हतं. तेव्हा दहा मिनिटांत रिटर्न भरून साडेसातशे रुपये घेतले होते.

रिफंड ऑक्टोबरात जमा झाला. फोन आला, आभार मानले. गाडीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

आमच्या कपाटात पिवळ्या पाटीच्या अजून अकरा फायली आहेत, त्यातल्या नऊ जणांची कर्जं आमच्याच रिटर्नवर झालेली. गॅरेजची बिलं आणि घरचं पासबुक घेऊन या, असे सगळ्यांना फोन केलेत. सर म्हणतात, फी कुणाकडून घेणार याची? अजून दोघंच आलेत. त्यातल्या एकाची बिलं कालपासून माझ्या टेबलावर आहेत, त्यावरची किलोमीटर जुळवते आहे.